सेल्फ बदलण्याआधी तो उघडा

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे 35 किलोमीटरवर घोडेगाव लागते. नेवासे तालुक्यातले हे गाव जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावासाठी जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते, आणि शनिशिंगणापूरला जाणारी वाट इथूनच फुटते. त्यामुळे रस्त्यावर पिकअप, ट्रॅक्टर आणि टेम्पो यांच्या जोडीने भाविकांच्या मोटारी असतात, आणि त्यांत अधूनमधून एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर किंवा महिंद्राची जीपही असते. अशी गाडी तासभर उन्हात उभी राहते, मालक किल्ली फिरवतो आणि बॉनेटखालून एकच ‘कट्ट’ असा आवाज येतो. ‘सेल्फ गेला’ हा निकाल तिथल्या तिथे दिला जातो. पुष्कळदा तो चुकीचा असतो.

चुकीचा निकाल महाग पडतो. नव्या गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, दुकानातून डबा आणून बदलता येतो. जुन्या गाडीचा सेल्फ भंगारात गेला की त्याच्या जागी त्याच मापाचा दुसरा मिळेलच याची खात्री नसते. मग दुसऱ्या गाडीचा सेल्फ आणून, त्याचे कान घासून तो बसवला जातो, पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या छोट्या गिअरचे, दात फ्लायव्हीलच्या दातांशी नीट जुळत नाहीत, आणि काही महिन्यांत फ्लायव्हीलची रिंगही खराब होते. दोनशे-चारशे रुपयांच्या कार्बन ब्रशमध्ये किंवा बुशमध्ये भागणारे काम गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत जाते. म्हणून हा विषय केवळ हौशी संग्राहकांचा आहे असे आम्ही मानत नाही. वस्तू उघडून, तपासून, तिचा नेमका दोष दूर करण्याची विद्या आपल्या गावांत टिकणार की नाही, हा प्रश्न यात आहे.

सेल्फचे काम समजून घेतले तर निम्मा गोंधळ कमी होतो. पेट्रोल इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. कोणीतरी ते आधी फिरवावे लागते, तेव्हा ते हवा-पेट्रोल आत ओढते, दाबते आणि मग पेट घेते. पूर्वी हे काम हँडल मारून होई. जुन्या जीपवर काम केलेल्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे की हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडलभोवती गुंडाळलेला अंगठा किंवा मनगट मोडते. अमेरिकेत अशाच एका अपघातानंतर कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी या हँडलवर उपाय शोधायचे ठरवले, असे सांगितले जाते. तो उपाय चार्ल्स केटरिंग यांनी दिला आणि 1912 च्या कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर आला.

केटरिंग त्याआधी डेटन शहरात दुकानांच्या गल्लापेट्या बनवणाऱ्या कंपनीत होते आणि गल्लापेटी विजेवर उघडणारी छोटी मोटर त्यांनी तिथे तयार केली होती. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर गाडीत मावणार नाही, असे तेव्हाच्या अभियंत्यांना वाटे. केटरिंग यांचे म्हणणे असे की ही मोटर दिवसभर चालवायचीच नाही, काही सेकंदच चालवायची आहे. तेवढ्या वेळापुरता तिच्यावर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळणार नाही. आजही प्रत्येक सेल्फ याच तत्त्वावर बनतो. म्हणूनच किल्ली धरून मिनिटभर सेल्फ मारत राहणे हे त्याच्या रचनेविरुद्ध आहे. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे. अतितापलेल्या आर्मेचरमधली (मोटरच्या फिरत्या भागातली) झाळ वितळून कम्युटेटरवरून (ब्रश टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवरून) बाहेर फेकली जाते, आणि मग खरोखरच सेल्फ जातो.

आता ‘कट्ट’ आवाजाकडे येऊ. लहान मोटारीचे इंजिन फिरवताना सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त वीज ओढतो. एवढ्या प्रवाहात बारीकसा अडथळाही मोठा ठरतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला आणि तिथला रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका झाला, तर 200 अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच नाहीसे होतात. दिवा लावून पाहिला तर तो छान पेटतो, हॉर्न वाजतो, कारण त्यांना वीज फारच थोडी लागते. त्यामुळे ‘बॅटरी चांगली आहे, म्हणजे सेल्फच गेला’ हा तर्क कच्चा आहे. उन्हाळ्यात भर पडते ती वेगळीच. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो. गरम इंजिनाशेजारी बसलेला सेल्फ 60 अंशांनी तापला तर त्याच्या वायंडिंगचा रोध जवळजवळ पाव हिश्शाने वाढलेला असतो. सकाळी गारव्यात एका झटक्यात सुरू झालेली गाडी शिंगणापूरहून परतताना दुपारी उचलत नाही, त्याचे एक कारण हे आहे. काठावर असलेली केबल किंवा अर्थिंग उन्हात उघडी पडते.

यावर चाचणी सोपी आहे आणि तिला मल्टिमीटरखेरीज काही लागत नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर धरावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवू लागला तर दोष त्या वाटेत आहे. मग हीच तपासणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत करावी. खांब म्हणजे शिशाचा खांबच, त्यावर बसवलेला क्लँप नव्हे, कारण अडथळा बऱ्याच वेळा त्या दोघांच्या मध्येच दडलेला असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ते आणि चॅसी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी असावी लागते. क्लच किंवा इंजिनाचे काम करताना ही पट्टी काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. मग सेल्फची वीज चोक किंवा एक्सलरेटरच्या केबलमधून वाट काढते. सेल्फ मारल्यावर एक्सलरेटरची केबल गरम लागत असेल, तर सेल्फ उतरवू नका, आधी ती पट्टी शोधा.

आवाजातूनही बरेच कळते. भराभर ‘टकटकटक’ होत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली आहे: सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, आत ओढला जातो, संपर्क जुळताच मोटर सगळी वीज घेते, व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा तेच सुरू होते. एकच जोरदार ‘कट्ट’ आणि हेडलाइट मंद, म्हणजे वीज जाते आहे पण मोटर किंवा इंजिन अडकले आहे. ‘कट्ट’ होऊनही हेडलाइट तसाच राहतो, म्हणजे सोलेनॉइडचे संपर्क जळाले आहेत किंवा ब्रश कम्युटेटरला टेकत नाहीत. मोटर चिर्रर करून नुसती फिरते आणि इंजिन स्थिर राहते, तर पिनियन पुढे येत नाही किंवा त्याचा एकमार्गी क्लच घसरतो. या चार खुणा गाडीच्या मालकालाही माहीत असाव्यात. गॅरेजमध्ये ‘सेल्फ बघा’ एवढेच सांगण्याऐवजी आवाज कसा येतो आणि दिवे मंद होतात का हे सांगितले तर मेकॅनिकचा तास वाचतो.

सगळे तपासून सेल्फ उतरवायचाच ठरला तर आधी बॅटरीची अर्थ केबल काढायची. हा नियम मोडून स्पॅनर सेल्फच्या बोल्टवर आणि बॉडीवर एकदम टेकल्याने झालेले भाजल्याचे अपघात गाड्यांच्या विजेचे काम करणाऱ्या प्रत्येक वायरमनला ठाऊक असतात. जुन्या इंग्रजी घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असू शकते, म्हणून कोणती केबल अर्थ आहे हे पाहून मगच हात घालावा. दोन किंवा तीन बोल्ट काढले की सेल्फ हातात येतो. पुढचे काम हे आमच्या मते खरे कसब आहे.

अँबॅसिडरसारख्या गाड्यांवरच्या जुन्या सेल्फमध्ये बेंडिक्स असतो. त्यात पिनियन एका आटेदार नळीवर बसलेला असतो. मोटर झटक्यात फिरते, जड पिनियन मागे रेंगाळतो आणि त्यामुळे आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या दातांत जाऊन बसतो. इंजिन सुरू झाले की फ्लायव्हीलच त्याला परत फेकते. ही रचना साधी आहे, पण तिला धुळीचे वावडे आहे. अनेक ठिकाणी पिनियन अडकतो म्हणून त्या आट्यांना ग्रीस चोपडतात. ते करू नये. क्लचची आणि रस्त्याची धूळ ग्रीसला चिकटते, पीठ मळल्यासारखा थर होतो आणि पिनियन पुढे सरकेनासा होतो. ते आटे रॉकेलने धुऊन कोरडे करायचे, एवढेच. पिनियन दातांत अडकून बसला तर इग्निशन बंद ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागेपुढे हलवली की तो सुटतो. कित्येक सेल्फच्या शाफ्टच्या मागच्या टोकाला त्यासाठी चौकोनी डोके ठेवलेले असते, त्याला पाना लावूनही सोडवता येतो.

नंतरच्या गाड्यांतला सोलेनॉइडचा सेल्फ वेगळा चालतो. त्यात सोलेनॉइड आधी पिनियनला दातांत ढकलतो आणि मगच मोटरला वीज देतो. त्याच्या आत दोन वायंडिंग असतात, एक ओढून घेणारे आणि एक धरून ठेवणारे. धरून ठेवणारे तुटले तर बॅटरी कितीही चांगली असली तरी तोच ‘टकटकटक’ आवाज येतो आणि भोळ्या निदानाने नवी बॅटरी विकली जाते.

आतल्या भागांत सर्वांत आधी झिजतात ते ब्रश आणि बुश. ब्रश आखूड झाला की स्प्रिंग त्याला पुरेसे दाबत नाही. नवा ब्रश लावताना त्याची तांब्याची वेणी फील्ड कॉइलच्या टोकाला झाळावी लागते, आणि काही सेल्फमध्ये ती कॉइल ॲल्युमिनियमची असते, जिच्यावर साधी झाळ धरत नाही. जाणकार कारागीर अशा वेळी जुन्या वेणीचा छोटा तुकडा कॉइलवर तसाच राखतो आणि नवी वेणी त्या तुकड्याला जोडतो. कम्युटेटर काळा पडला असेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायचा. त्याने भागले नाही तर बारीक काचकागद वापरायचा, एमरी कागद नव्हे, कारण एमरीचे कण तांब्यात रुतून बसतात. आणि एक चूक चांगले कारागीरही करतात. डायनॅमोच्या कम्युटेटरमधला अभ्रक पट्ट्यांच्या पातळीखाली खोल कोरायची पद्धत आहे. तीच सवय सेल्फवर चालवली जाते. लुकास या इंग्रजी कंपनीच्या जुन्या सेल्फमध्ये तो अभ्रक कोरू नये, असे कार्यशाळेच्या पुस्तिका स्पष्ट बजावतात.

बुशाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण निम्म्या ‘जळालेल्या’ सेल्फचे मूळ तिथे असते. बुश झिजला की शाफ्ट एका बाजूला झुकतो आणि आर्मेचर फील्डच्या लोखंडी पोलवर घासू लागते. मोटर जड फिरते, जास्त वीज ओढते, तापते, आणि शेवटी वायंडिंगचे आवरण जळते. बुश सच्छिद्र काशाचा असतो. त्याने आपल्या छिद्रांत तेल धरून ठेवायचे असते. म्हणून नवा बुश ठोकण्याआधी तो स्वच्छ, पातळ इंजिन ऑइलमध्ये 24 तास बुडवून ठेवावा, असा नियम आहे. दुकानातून आणून लगेच ठोकलेला कोरडा बुश लवकर झिजतो आणि दोष मात्र ‘ड्युप्लिकेट माला’वर जातो. ग्राहकाने ‘तासाभरात द्या’ म्हणून घाई केली की सर्वांत आधी हेच 24 तास कापले जातात.

सेल्फ जुळवून झाल्यावर टेबलावर चालवून पाहताना तो पक्का आवळावा आणि क्षणभरच चालवावा. या मोटरची फील्ड कॉइल आर्मेचरशी एकसर जोडणीत असते; तिच्यावर भार नसला की तिचा वेग वाढतच जातो. या जोडणीचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. बॅटरीची टोके उलटी जोडली तरी ही मोटर त्याच दिशेने फिरते, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकदम उलटतो. म्हणून पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीलाही तीच चालते. आजकाल जुन्या गाडीला कायम चुंबकाचा, आत गिअर असलेला हलका सेल्फ बसवायचा सल्ला दिला जातो. तो कमी वीज घेतो, जोरही चांगला देतो, आणि रोज वापरायच्या पद्मिनीला तो बसवण्यात आम्हाला गैर वाटत नाही. पण पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तो उलटा फिरेल, हे बसवणाऱ्याला माहीत हवे. आणि काढलेला मूळ सेल्फ भंगारवाल्याला न देता तेल लावून जपावा.

या गाड्या जपण्याला आपल्या राज्यात विशेष कारण आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 रस्त्यावर आली. तीच 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख या गाडीने दिली. ताडदेव आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. आपल्या जिल्ह्याचाही मोटारींशी जुना संबंध आहे: संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था नगरला आहे, रणगाड्यांचे संग्रहालय नगरला आहे, आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लुना इथलीच. महाराष्ट्रातले भांडवल, मराठी कामगार आणि मराठी कारागीर यांनी घडवलेल्या या वाहनांपैकी काही चालत्या स्थितीत राहावीत, ही अपेक्षा रास्त आहे.

कायद्याने यातला थोडाच भाग सांभाळला आहे. केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, 10 वर्षांनी नूतनीकरणाचे 5,000. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. पण 1980 किंवा 1990 च्या दशकातली पद्मिनी या दर्जापासून अजून दूर आहे. सरकारी हिशेबात ती फक्त जुनी गाडी आहे, तिचा निर्माता आता मोटारी बनवत नाही, आणि अँबॅसिडरचे उत्पादनही 2014 मध्ये थांबले. या मधल्या काळात गाडी जगवण्याचा भार पूर्णपणे गावोगावच्या वायरमनवर पडतो. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारी आणि शेती अवजारेही घेतली. पण जिथे कंपनीच उरली नाही, तिथे हक्क मागायचा कोणाकडे? अशा गाड्यांच्या दुरुस्ती पुस्तिका, सुट्या भागांची मापे आणि वायंडिंगचा तपशील सरकारने त्या संकेतस्थळावर उपलब्ध करून द्यावा, अशी आमची मागणी आहे. बुशाचे आतले-बाहेरचे माप माहीत असेल तर तो कोणताही चांगला लेथवाला कातून देईल.

घोडेगावसारख्या ठिकाणी हे कसब अजून तग धरून आहे, याचे श्रेय जुन्या मोटारींना नाही, ट्रॅक्टर आणि पिकअपना आहे. शेतातल्या धुळीत चालणाऱ्या ट्रॅक्टरचा बुश लवकर झिजतो, उसाच्या हंगामात गाडी दिवसभर बंद-चालू होते, आणि शेतकऱ्याला नवा सेल्फ घेण्यापेक्षा जुना भरून घेणे परवडते. या कामावर वायरमनचे घर चालते, आणि म्हणूनच वर्षाकाठी येणाऱ्या एखाद्या अँबॅसिडरचे काम त्याला जमते. हा आधारही आता डळमळीत आहे. वायंडिंग भरण्याच्या मजुरीपेक्षा बाहेरून आलेला जोडलेला तयार सेल्फ स्वस्त पडू लागला, तर ग्राहक तोच घेईल आणि शिकाऊ मुलगा फक्त बोल्ट काढायला-लावायला शिकेल. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे आणि वाहनांच्या विजेचे अभ्यासक्रम आहेत. तिथल्या मुलांनी बाजारपेठेच्या गावातल्या चालत्या गॅरेजमध्ये काही महिने हातावर काम करावे, आणि सेल्फ उघडून, तपासून, जुळवून दाखवणे ही त्यांच्या परीक्षेची अट असावी.

गाडीमालकांकडूनही अपेक्षा आहे. सेल्फ बदलायला सांगितले तर आधी दोन्ही बाजूंचे व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. बदललेले ब्रश आणि बुश परत मागून घ्या. बुश तेलात भिजवायला पूर्ण दिवस मागितला तर तो द्या, आणि त्या कामाची मजुरी सुट्या भागाच्या किमतीवरून न ठरवता लागलेल्या वेळावरून द्या.